चुकीचं व्याख्यान

“सर, प्रश्न विचारायला नंबर लावावा लागतो का?”

ते सर चहात खारी बुडवत होते. माझा आवाज कानावर पडला आणि अर्धी खारी तुटून कपात बुडाली. त्यांनी आधी कपात पाहिलं, मग माझ्याकडे.

“कसला प्रश्न?”

“भाषणानंतरचा. प्रश्नोत्तरं असतात ना? तुम्ही अध्यक्ष आहात, तुमच्या बिल्ल्यावर लिहिलंय.”

“असतात. पण आमच्या परिषदेत प्रश्न एकच घेतात. पद्धत आहे तशी.”

“मग तो एक मला द्या.”

ते हसले. पांढऱ्या दाढीत खारीचा चुरा अडकला होता. बिल्ल्यावर ‘डॉ. टेंबे’ असं नाव होतं. “आणि आमची दुसरी पद्धत ठाऊक आहे का तुला? आम्ही ज्याला फेलो, म्हणजे मानाचा सदस्य, करतो ना, त्याला त्या दिवशी फुशारकी मारायची बंदी असते. आपण काय काय शोध लावले, ते सांगायचं नाही. दहा मिनिटं मिळतात. त्यात आपली एक चूक सांगायची. आम्ही त्याला ‘चुकीचं व्याख्यान’च म्हणतो.”

“आणि ज्याला चूक सापडतच नाही?”

“त्याला आम्ही फेलो करत नाही.”

हे मला भारी आवडलं. आमच्या शाळेत असं असतं तर मी केव्हाच फेलो झाले असते.

“आणि प्रश्न? तो चुकीवरच विचारायचा का?”

“कशावरही विचार. उत्तर मात्र द्यावंच लागतं. टाळता येत नाही.”

“हेच पाहिजे होतं मला,” मी म्हणाले.

“नाव काय तुझं?”

“केतकी नेहेते.”

“नेहेते? म्हणजे आजच्या आपल्या डॉ. वैजयंती नेहेते तुझ्या...”

“आई आहे. पण सर, ओळखीचा फायदा नको. मी नंबर लावलाय.”

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि चहाच्या कागदी रुमालावर माझं नाव लिहून घेतलं. “झालं. लागला नंबर. काय विचारणार आहेस?”

“ते सस्पेन्स आहे.”

तेव्हा मी सहावीत होते. आता दहावीत आहे, वक्तृत्वाला तालुक्यात पहिली येते, माईक दिसला की माझ्या तळव्यांना गुदगुल्या होतात. तेव्हा मात्र माईक हातात धरायची ती माझी पहिलीच वेळ असणार होती. तरी अध्यक्षांना गाठायला मला काही वाटलं नाही, कारण मला काय हवंय ते मला पक्कं माहीत होतं. मला आई हवी होती. घरी. फैजपूरला. फोनमध्ये नाही.

आई एडिनबराला होती. मी दुसरीत असताना ती तिथल्या विद्यापीठात गेली. मशीनला माणसाचं बोलणं ऐकून लिहायला शिकवायचं, हे तिचं काम. पण पुस्तकातलं बोलणं नाही. आमच्याकडे लेवा बोलीत बोलतात तसं, धुळ्याकडे अहिराणीत बोलतात तसं, सातपुड्यात पावरीत बोलतात तसं. त्यातही लहान मुलांचं. बाकीची मशीनं म्हणे असल्या मुलांचं बोलणं ऐकलं की काहीच्या बाही लिहायची. आईनं ते जमवून दाखवलं. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेत संशोधन करणाऱ्यांची ही एवढी मोठी परिषद तिला फेलो करत होती, आणि त्यासाठी ती चार दिवस पुण्याला आली होती. चारच.

त्या कामात माझाही वाटा होता, हे मी सगळ्यांना सांगत फिरायचे. आईनं पप्पांच्या जुन्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. त्यात चित्र यायचं. कुठे बैल, कुठे जत्रा, कुठे भांडणारी कोंबडी. चित्रात काय चाललंय ते मुलांनी आपल्या घरच्या बोलीत सांगायचं. गल्लीतली पोरं मी गोळा करायचे, ओळीनं बसवायचे, जास्त खिदळणाऱ्याला बाहेर काढायचे. संध्याकाळी पोरं पांगली की मी एकटी ओट्यावर बसून आणखी रेकॉर्डिंग करायचे. गल्लीत सगळ्यात जास्त माझीच असायची. आमच्या इथल्या गोष्टी आई त्या रेकॉर्डिंगमधून ऐकतेय, असं मला वाटायचं. फोनवर ती पाच-दहा मिनिटं भेटायची. रेकॉर्डिंग मात्र ती ऐकणारच. तिचं कामच होतं ते.

फोनवर ‘कधी येणार’ हे विचारणं मी सोडून दिलं होतं. विचारलं की व्हिडिओवर आईचा चेहरा गोठायचा, आणि मला कळायचं नाही की नेट गेलंय की आई.

पण पुण्याला यायच्या आधीच्या आठवड्यात एक झालं. पप्पांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. तिथे मी त्यांना डबा द्यायला गेले. ते आत, थंडीत, केळीच्या क्रेटवर बसून फोनवर बोलत होते. “आणखी पाच वर्षं तिकडेच म्हणजे केतकी कॉलेजात जाईल, वैजू.” मग तिकडचं ऐकत राहिले. मग, “नाही नाही, मी अडवत नाहीये. सोमवारपर्यंत कळवायचंय ना त्यांना? तू ठरव. कार्यक्रम होऊ दे, मग ठरव.”

मी डबा दाराशी ठेवून सायकल पिटाळली.

कार्यक्रम रविवारी होता.

ट्रॅव्हल्समध्ये पप्पांनी मला खिडकीची जागा दिली आणि म्हणाले, “केतू, एक ऐकशील? आईला उद्या काही विचारायचं नाही. कधी येणार, राहणार का, काही नाही. तिचा दिवस आहे. तिला हसत जाऊ दे.”

“बरं,” मी म्हणाले.

माझं ‘बरं’ म्हणजे काय असतं, ते पप्पांना अजूनही कळलेलं नाही.

आमच्याबरोबर इंदूआत्याही होती. ती पप्पांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. मागच्या सीटवरून तिनं डोकं पुढे घातलं. “काय व, काय कुजबुजू राह्यले बापलेक? मले बी सांगा.”

“काही नाही, आक्का. झोप तू.”

“झोपू कशी? ह्या गाडीवाल्यानं ए.सी. एवढा लावला, मले वाटलं तुह्या चेंबरातच बसली मी. सकायपर्यंत पिकून निघीन.”

हॉटेलात आई दारातच उभी होती. तिनं मला मिठी मारली आणि लगेच मागे सरकून माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं तिच्या हनुवटीला लागलं होतं. व्हिडिओवर उंची दिसत नाही. तिनं माझ्यासाठी तिकडचे बूट आणले होते, मरून रंगाचे, आत लोकर असलेले. व्हिडिओवर पायही दिसत नाहीत. टाच आत जाईना.

“बदलून आणते,” आई म्हणाली. मग तिलाच कळलं की दुकान किती लांब आहे.

“होतायत की!” मी म्हणाले आणि पाय कोंबला. त्याच सकाळी तेच बूट घालून मी हॉलभर टकटक करत फिरत होते आणि अंगठे मुंग्या येऊन बधिर झाले होते.

तर डॉ. टेंब्यांकडे नंबर लावून मी हॉलमध्ये गेले, तेव्हा आई स्टेजवर होती. तिनं मोरपंखी रंगाची इरकल नेसली होती. केसांत थोडे पांढरे. तेही व्हिडिओवर दिसत नव्हते. तिच्या मागे भिंतभर पडदा होता. आई बोलेल ते तिचंच मशीन ऐकणार आणि त्याच क्षणी पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिणार, अशी व्यवस्था होती.

“इंदूताई, वर या जरा,” आईनं हाक मारली. “माईक तपासायचाय. तुम्ही बोला काहीतरी.”

“मी? मी काय बोलू वं माय? मले सुदं बोलता येत नही.”

पडद्यावर अक्षरं उमटली: *मी? मी काय बोलू वं माय? मले सुदं बोलता येत नही.*

आत्याची पाठ होती पडद्याकडे, तिला दिसलं नाही. आई म्हणाली, “जसं घरी बोलता तसंच बोला.”

“घरी मी बोलली त तुहा नवरा कानात कापूस घालते. आता त्याले केयीचे घड उतरवाले मानसं भेटत नही, आन् हा इथी सूट घालून बसला. तोबी लग्नातला. बटन लागत नही त्याचं.”

सगळं पडद्यावर. अगदी बटनासकट. खुर्च्या मांडणारी माणसं हसायला लागली. पप्पांनी दोन्ही हातांनी कोट ओढून घेतला. हसतात का लोक, म्हणून आत्या वळली आणि तिनं वाचलं. ओठ हलवत, हळूहळू, अक्षरावर अक्षर ठेवत वाचलं.

“आवं!” ती म्हणाली. “हे त माह्यंच बोलनं लिव्हलं यानं!”

*आवं! हे त माह्यंच बोलनं लिव्हलं यानं!*

ती जाऊन पडद्याला हात लावून आली. मग आईसमोर उभी राहिली. आवाज एकदम उतरला होता. “वैजंती, शायेत मी असं बोलली का मास्तर छडी मारे. म्हने, आधी नीट बोलाले शिक, मग शायेत ये. मी गेलीच नही मंग.”

“माहितेय ताई,” आई म्हणाली. “तुम्ही सांगितलं होतंत, मी नवी लग्न होऊन आले तेव्हा.”

आत्यानं आईच्या चेहऱ्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा वाजली.

मी खाली उभी राहून बघत होते. मला अभिमानानं ओरडावंसं वाटत होतं. आईचं काम वाईट असतं तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं त्याच्याशी.

आई पायऱ्या उतरून माझ्याकडे आली. “बूट लागतायत ना?”

“मुळीच नाही. आई, तू कोणती चूक सांगणार आहेस?”

तिचा हात माझ्या कॉलरवर होता. तो तिथेच थांबला. “तुला कुणी सांगितलं चुकीचं?”

“टेंबे सरांनी. आमची ओळख झालीय. सांग ना.”

“दोन आहेत माझ्याकडे,” ती म्हणाली. “एक सोपी आहे. दुसरी... अजून ठरत नाहीये, सांगू की नको.”

“अवघड सांग. सोपी काय, कुणीही सांगेल!”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी काहीतरी लागेल असं बोलले. मग तिनं माझी कॉलर सरळ केली. ती आधीच सरळ होती.

“बरं,” ती म्हणाली.

कार्यक्रम सुरू झाला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मी कडेला, मग पप्पा, मग आत्या. मागचा हॉल गच्च भरला होता. लॅपटॉपवाले, जाड चष्मेवाले, एक बाई तर मांडीवर बाळ घेऊन टाइप करत होती. टेंबे सरांनी आईबद्दल वाचून दाखवलं. ज्या मुलांचं बोलणं यंत्रांच्या हिशेबात नव्हतं त्यांना यांनी हिशेबात आणलं, वगैरे. पुणेरी पगडी नाही, नारळ नाही. एक शाल, एक मानपत्र आणि गळ्यात निळ्या फितीचं छोटंसं पदक.

“एवढंच?” आत्या पुटपुटली. “हयदीकुंकवाच्या रांगोयीले बी स्टीलचा डबा भेटतो.”

“आक्का, जगात फार थोड्यांना मिळतं हे.”

“तरी डबा द्याले काय झालं?”

टाळ्या थांबल्या. आई माईकपाशी आली. मनातल्या मनात मी माझा प्रश्न एकदा घोकला. तो मी घरी आरशासमोर पुष्कळदा म्हणून पाहिला होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. इथे नेट जाणार नव्हतं. इथे आईला टाळता येणार नव्हतं, नियमच होता तसा.

“मला दहा मिनिटं आहेत,” आई म्हणाली आणि तिच्या मागे पडद्यावर ते वाक्य आलं. “आजच्या नियमाप्रमाणे मी माझी चूक सांगते. सकाळपर्यंत मी वेगळी सांगणार होते. पण मला कुणीतरी म्हणालं, अवघड सांग.”

मी पप्पांना कोपर मारलं. ‘मी, मी!’

“आमचं मशीन मुलांचं बोलणं बऱ्यापैकी लिहायला लागलं होतं. आम्ही खूश होतो. फक्त एक विचित्र गोष्ट घडत होती. मूल गप्प झालं की मशीन गप्प बसत नव्हतं. एका पाड्यावरच्या मुलानं चित्र पाहिलं, लाजला, काहीच बोलला नाही. मशीननं एक वाक्य लिहिलं. दुसऱ्या गावची मुलगी मधेच पाणी प्यायला थांबली. मशीननं तेच वाक्य लिहिलं. आम्ही त्याला सुट्टीतला रिकामा वर्ग ऐकवला, नुसता पंखा फिरतोय. तेच वाक्य.”

पुढच्या रांगेतले दोघं मान डोलावत होते. त्यांच्याकडेही असं काही झालेलं असावं.

“आमच्या प्रयोगशाळेत मराठी येणारी मी एकटीच. पण तेव्हा मी दुसऱ्याच कशाच्या तरी मागे होते. निकाल तपासायचं काम माझा सहकारी कॅलम करायचा. तो सज्जन माणूस. त्याला ते वाक्य सारखं दिसायचं आणि आवाज ऐकला तर तिथे काहीच नसायचं. एका दुपारी त्यानं मला विचारलं, ‘वैजयंती, तुमच्या भाषेत शांततेला एवढा लांब शब्द आहे का?’”

हॉल खदखदून हसला. मीही हसले. आई हसली नाही.

“मी म्हटलं, दाखव. त्यानं दाखवलं. जिथे जिथे कुणी गप्प होतं, तिथे तिथे लिहिलेलं होतं...”

आई थांबली. पडद्यावरची ओळही थांबली.

“‘आई, तू कधी येशील?’”

ते वाक्य पडद्यावर आलं. भिंतीएवढं. मागे कुणीतरी अजून हसत होतं. मग तोही थांबला.

माझे कान तापले. ओटा, जुना फोन, संध्याकाळ. चित्राचं सांगून झालं की मी फोन तोंडाजवळ न्यायचे आणि हळूच विचारायचे. अगदी हळू, कारण पप्पा आत असायचे. मग बंद करायचं बटण लगेच दाबायचे नाही. थोडी थांबायचे. तिकडून काही येत नाही हे मला माहीत होतं. तरी थांबायचे.

“मशीन असं का करतं, ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे,” आई बोलत होती. “एक मुलगी होती. तिनं आम्हाला सगळ्यांत जास्त रेकॉर्डिंग दिली. प्रत्येकाच्या शेवटी ती हे विचारायची. इतक्या हळू की ते जवळजवळ ऐकूच येत नाही. पण इथे महाराष्ट्रात आवाज ऐकून लिहून घेणाऱ्यांनी कान देऊन ते ऐकलं आणि इमानानं लिहिलं. मशीन त्यातून शिकलं. काही ऐकू येत नसेल तेव्हा माणूस हेच म्हणत असतो, असं त्यानं धरून ठेवलं.”

तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

“यात मशीनचं काही चुकलं नाही. ती रेकॉर्डिंग कित्येक महिने माझ्याकडे होती. मी ती ऐकली नव्हती. मोजली होती. किती तास जमले, एवढंच मी बघत होते. ही माझी चूक.”

आत्या पप्पांच्या कानाशी लागली. तिचं कुजबुजणं चार रांगांना ऐकू जातं. “कोनाची व ती पोरगी? बिचारी. तिची माय कुठी गेल्ती?”

पप्पांनी चष्मा काढून मुठीत धरला होता. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाशी नेला.

“दुरुस्ती सोपी होती,” आई म्हणाली. “तेवढे तुकडे कापून काढले आणि मशीनला पुन्हा शिकवलं. आता कुणी गप्प झालं तर ते काही लिहीत नाही. कापायच्या आधी मी ते तुकडे ऐकले. सगळे. एवढंच सांगायचं होतं.”

टाळ्या पडल्या, पण आधीसारख्या नाही. टेंबे सर उठले. त्यांनी खिशातून तो कागदी रुमाल काढला.

“आता आपल्या प्रथेप्रमाणे प्रश्न एकच,” ते आनंदात म्हणाले. “आणि मंडळी, हात वर करू नका. आज एका श्रोत्यानं सकाळीच नंबर लावून ठेवलाय. कुमारी केतकी नेहेते!”

माईक रांगेतून हातोहात माझ्याकडे आला. “केतू,” पप्पा म्हणाले. एवढंच म्हणाले. मी उभी राहिले. बुटांत पाय मेलेले होते, पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

माईक थंड होता आणि वाटला होता त्यापेक्षा जड. सगळा हॉल माझ्याकडे वळलेला. आई स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. तिला माहीत नव्हतं मी नंबर लावलाय ते. तिच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

माझा प्रश्न मला पाठ होता. शब्दही तेच, क्रमही तोच. आता तो सगळ्यांनी भिंतीवर वाचला होता, त्यावर हसून झालं होतं, तो कापूनही झाला होता.

मी तोंड उघडलं. मिटलं.

पडद्यावर काही आलं नाही. पांढऱ्या जागेत ती छोटी उभी रेघ लुकलुकत राहिली. संशोधकच ते. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडून पडद्याकडे वळल्या. आता मशीन काय करतंय, ते बघायला. रेघ लुकलुकत होती. पान कोरंच.

“बघा!” पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले. “खरंच काही लिहीत नाहीये!”

“वा! प्रात्यक्षिक!” टेंबे सर म्हणाले. “काय कल्पना आहे!”

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढे, मग मागे, मग सगळीकडे. लोक उठून उभे राहिले. बाळवाली बाई बाळाचे हात धरून त्याच्याकडून टाळ्या वाजवून घेत होती. माईक हातात घेऊन मी तशीच उभी. आता मशीनलाही कळत नव्हतं मी काय विचारतेय. हॉलमध्ये कुणालाच कळत नव्हतं.

आई टाळ्या थांबायची वाट बघत होती. तिची नजर पडद्याकडे एकदाही गेली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी ओट्यावर बसून फोनकडे बघायचे तशी. टाळ्या विरल्या. लोक खाली बसले, खुर्च्या करकरल्या. मग ती माईककडे झुकली. तिचे ओठ एकदा नुसतेच हलले. आवाज दुसऱ्या वेळी आला.

“नाही गं, केतू,” ती म्हणाली. “एवढ्यात नाही.”

पडद्यावर आलं: *नाही गं, केतू. एवढ्यात नाही.* मोठ्या, स्वच्छ अक्षरांत. माझं लाडाचं नावसुद्धा बरोबर लिहिलं होतं. एकही चूक नव्हती.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. टेंबे सर एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. कागदी रुमाल त्यांच्या बोटांत चुरगळला होता.

“बाळ,” ते जरा अडखळत म्हणाले, “आम्हाला काही प्रश्न ऐकू आला नाही. पण... तुला उत्तर मिळालं का?”

आईनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. ती रडत नव्हती. मी रडले असते तर ती रडली असती, आणि मग तिनं सोमवारी तिकडे काहीतरी वेगळंच कळवलं असतं. हे मला तेव्हा, तिथे, स्वच्छ दिसलं.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, पाहुण्यांनी उत्तर दिलं की आभार मानायचे आणि मगच बसायचं. मी माईक तोंडाजवळ नेला. या वेळी हळू नाही, खणखणीत.

“हो सर,” मी म्हणाले. “धन्यवाद.”

आणि खाली बसले.